सत्तावीस लाल चिठ्ठ्या आणि एक कोट

आत्या डूख धरायची. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त ज्यांच्यावर धरलेला असायचा त्यांना माहीत नसायचं, कारण ती तोंडाने कधी काही बोलायची नाही. ती शिवायची.

बावीस वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याने ओळखपत्राच्या फोटोसाठी तिला बसवलं आणि चार माणसांसमोर म्हणाला, "जरा हसा हो, की तोंडही टाके घालून बंद केलंय?" चार माणसं हसली. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा आत्या दोन बोटं कमी खोल शिवते. बावीस वर्षं त्याच्या किल्ल्या पडतायत. बिचारा समजतो, आपलं वय झालं.

घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीपाशी दोन मशिनं, मधे कापायचं लांब टेबल, आणि मागच्या भिंतीवर ओळीने ठोकलेले त्रेचाळीस खिळे. एकेका खिळ्यावर एकेका जुन्या गिऱ्हाइकाचा खाकी कागद टांगलेला: त्याची पाठ, त्याची बाही, त्याचा गळा. माणूस अंगाने सुटला की नवा कागद, माणूस गेला की कागद खाली. बाकी सगळे कागद स्वच्छ होते. एकोणिसाव्या खिळ्यावरच्या कागदाला मात्र टाचण्यांनी लाल शाईच्या चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. तो कागद शाळेतल्या बाईंचा होता, आणि चिठ्ठ्यांवरचं अक्षरही बाईंचंच होतं.

चिठ्ठ्या यायच्या त्या भाचीच्या दप्तरातून. भाची म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी, वय वर्षं दहा, घरातलं नाव भिंगरी. हे नाव कुणी ठेवलं नाही, ते आपोआप पडलं. भाऊ बस चालवायचा, वहिनी रुग्णालयात परिचारिका, दोघांच्या पाळ्या उलट्यासुलट्या. म्हणून शाळा सुटली की भिंगरी आत्याकडे. दप्तर दारात, एक बूट पायरीवर, दुसरा बूट देव जाणे कुठे, आणि स्वतः थेट कापायच्या टेबलाखाली.

"काळा दोरा आण ग आतून," म्हटलं की ती आत जायची आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन सांगायची, "आत्या, मागच्या मांजरीला तीन पिल्लं झालीत आणि एकाची शेपटी वाकडी आहे."

"आणि दोरा?"

"कसला दोरा?"

पण तीच भिंगरी गिऱ्हाईक आत यायच्या आधी पावलांच्या आवाजावरून सांगायची, की बँकेतले काका आलेत आणि त्यांचा डावा गुडघा आज जास्त दुखतोय. मशीनचा दोरा तुटायच्या आधी तिला ऐकू यायचा. गणितं दिली तर दहापैकी सात अचूक, आठव्याच्या जागी पाल. काढलेली. पायांच्या बोटांसकट.

बाईंना ही पाल दिसायची, सात गणितं दिसायची नाहीत. मग चिठ्ठी. वरच्या भागात लाल शाईने शेरा, खाली पालकांच्या सहीचा भाग, तो फाडून परत द्यायचा. आत्या खालच्या भागावर गिरगटल्यासारखी सही करून परत पाठवायची आणि वरचा भाग एकोणिसाव्या खिळ्यावर. "स्थिर बसत नाही." "सूचना पाळत नाही." "काम अर्धवट." "पाय हलवते, इतरांना त्रास." आणि बाईंचा सगळ्यात लाडका शेरा, तो नऊ वेळा आला होता: "हुशार आहे, पण लक्ष देत नाही."

शेवटी वहिनीने आपल्या रुग्णालयातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंना भिंगरी दाखवली. त्यांनी तीन वेळा बोलावलं, खेळवलं, विचारलं, मोजलं आणि सांगितलं की हा हट्ट नाही, लाडावणं नाही, हिच्या मेंदूला लक्ष एका जागी धरून ठेवणं अवघड जातं, जसं कुणाला लांबचं दिसत नाही तसं. त्यांनी शाळेसाठी पत्र दिलं. पुढच्या बाकावर बसवा, काम थोडं थोडं द्या, मधे उठू द्या, पाय हलले तर हलू द्या. एवढंच.

पत्र घेऊन आत्याच गेली, कारण भाऊ रस्त्यावर आणि वहिनी पाळीवर. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, टेबलाच्या खणात टाकलं आणि खण गुडघ्याने बंद केला.

"हल्ली काय आहे ना," बाई म्हणाल्या, "प्रत्येक धसमुसळ्या मुलाला एखादं नाव मिळतंच. आमच्या वेळी एकच औषध होतं."

"कुठलं?"

"धाक. आणि हे बघा, वर्गात अडतीस मुलं आहेत. डिसेंबरातल्या वार्षिक परीक्षेत गणितात पास झाली तर ठीक. नाही झाली तर हिला आम्ही ठेवणार नाही. हिच्यासारख्यांसाठी वेगळ्या शाळा असतात." मग जरा मऊ आवाजात, "बरं, माझा हिवाळी कोट शिवायचाय. बक्षीस समारंभाला. यंदा मला आदर्श शिक्षिकेचं मानपत्र देतायत. येऊ ना मापाला?"

"या की," आत्या म्हणाली. "अवश्य या."

घरी येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. भाऊ म्हणाला, "ताई, जाऊ दे ग. शाळेशी कशाला वैर?"

"मी कुठे वैर करतेय?" आत्या म्हणाली. "मी कोट करतेय."

पण कोट म्हणजे नुसती मिठाई होती. खरा सूड म्हणजे भिंगरीने गणितात पास होणं, हे तिला पक्कं कळत होतं. बाईंच्या हाताने बाईंच्याच वहीत पासाचा आकडा लिहायला लावायचा, याहून गोड काही नाही. तिने कंबर कसली.

पहिले आठ दिवस ती हरली. समोर बसवलं, दटावलं, चुचकारलं, घड्याळ लावलं. भिंगरीने घड्याळ उघडून आतल्या चक्रांची चित्रं काढली. नवव्या दिवशी आत्या एका गिऱ्हाइकाला ट्रायल देत होती, म्हणून भिंगरीला बसायला दुसरी जागा नव्हती. ती जुन्या मशीनवर वही ठेवून बसली. त्या मशीनचा पट्टा तुटलेला, त्यामुळे पायडल मारलं तरी सुई हलायची नाही. पायडल मात्र हलायचं. खट्-खट्, खट्-खट्. गिऱ्हाईक गेलं तेव्हा आत्याने वळून पाहिलं. भिंगरीचे पाय चालले होते आणि मान खाली होती. दहाच्या दहा गणितं. पाल नाही.

"हे कसं केलंस?"

"पाय तिकडे गेले," भिंगरी म्हणाली, "म्हणून मी इकडे राहिले."

पट्टा दुरुस्त करायला माणूस येणार होता. आत्याने त्याला निरोप पाठवला, येऊ नकोस.

दुसरी युक्ती तिच्या धंद्यातलीच. कोट कुणी एका बैठकीत शिवत नाही. कॉलर वेगळी, बाही वेगळी, खिसा वेगळा. एक तुकडा झाला की टाचणीला टांगायचा आणि मग पुढचा. मुलीच्या समोर एकदम अख्खं पान ठेवलं की ती घाबरून पालीकडे पळते, हे तिच्या लक्षात आलं. तेव्हा तिने मोठी कात्री घेतली आणि गणिताचं पुस्तक खडूने आखून कापलं. एकेका पट्टीवर एकेक उदाहरण, कडा सरळ रेषेत, एकशे चौसष्ट पट्ट्या, आठवड्यांनुसार गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला चिंधी बांधलेली. एक पट्टी सोडवायची, भिंतीवर टाचायची, दारापर्यंत धावून यायचं, पुढची पट्टी. तिला स्वतःलाच आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं. शाळेचं पुस्तक वर्गात न्यावं लागतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

सत्ताविसावी चिठ्ठी आली: "पाठ्यपुस्तक फाडले. पालकांनी भेटावे."

आत्या भेटली. "फाडलेलं नाही, कापलंय," ती म्हणाली. "कड बघा, एक सूत उसवलेलं नाही. फाडणं वेगळं."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याच संध्याकाळी मापाला आल्या.

आत्याने एकोणिसाव्या खिळ्यावर एक अर्धा शिवलेला झगा टांगून चिठ्ठ्या झाकल्या आणि टेप गळ्यात अडकवला. "सरळ उभ्या राहा. श्वास घ्या. हलू नका."

बाई पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. स्थिर उभं राहण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आत्याने छाती मोजली, पाठ मोजली, दंड मोजला. आता, शिंप्याला एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. स्थिर माणसाचं माप हे खरं माप नसतं. माणूस वाकतो, हात उचलतो, जांभई देतो. त्या सगळ्यासाठी मापावर दोन-तीन बोटं वाढवायची असतात. त्याला लूझिंग म्हणतात. ते डोळ्याला दिसत नाही, पण त्याच्याविना कोट म्हणजे पिंजरा.

कच्च्या टाक्यांच्या ट्रायलला आत्याने लूझिंग भरपूर ठेवलं. बाई खूश झाल्या. त्या गेल्यावर तिने दार लावलं, एकोणिसाव्या खिळ्यावरच्या चिठ्ठ्या एकदा वरपासून खालपर्यंत वाचल्या, आणि बगलेतलं, पाठीतलं सगळं लूझिंग काढून टाकलं. शिवणीच्या आत माया, म्हणजे पुढे सैल करायला सोडतात ते जादा कापड, तेवढी राहिली, कारण तीस वर्षांची सवय. हात आपोआप सोडतो. कॉलरमध्ये ताठ कॅनव्हास घातला आणि त्याचं एक टोक, अगदी गव्हाच्या कुसाएवढं, मानेकडे उघडं ठेवलं. मग कोट टांगून लांबून पाहिला. त्यात स्थिर उभ्या राहणाऱ्या बाईसाठी तो कोट स्वर्ग होता. हलली, की मेली.

"शनिवारी समारंभालाच घाला," कोट देताना ती म्हणाली. "आधी घालून त्याचा नवेपणा घालवू नका."

बाईंनी घरी आरशासमोर घातला, ताठ उभ्या राहिल्या, आणि निरोप पाठवला: अप्रतिम.

आत्याचा तो आठवडा फार सुखाचा गेला. कपड्यांना इस्त्री करताना ती गुणगुणत होती. तिच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ होतं, मानपत्र होतं, आणि ते घ्यायला हात पुढे करताच बगलेत अडकलेल्या, मान खाजवणाऱ्या आदर्श शिक्षिका होत्या.

गणिताचा पेपर सगळ्यांत शेवटी, गुरुवारी दहा वाजता होता. सकाळी साडेआठला भिंगरी दूध पिता पिता म्हणाली, "आज बाई नवा कोट घालणार आहेत."

आत्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. "समारंभ शनिवारी आहे ना?"

"मोठे साहेब तपासणीला आजच येणार आहेत. मुख्याध्यापक म्हणाले सगळ्यांनी नीट कपडे घाला. सोमवारी सांगितलं." ती थांबली. "तुला सांगायचं होतं. मधे मांजर आली."

आत्या खुर्चीत बसली. तीन तास. त्या कोटात बाई तीन तास गणिताच्या पेपरवर पहारा करणार. मान टोचतेय, बगल कापतेय, पुढ्यात मोठे साहेब, आणि सगळा राग काढायला शेवटच्या बाकावर पाय हलवणारी एक मुलगी. तिने सूड शिवला होता बाईंसाठी आणि तो बसणार होता भिंगरीच्या अंगावर.

"बूट घाल," ती म्हणाली. "दोन्ही."

सुया, दोरा, कात्री आणि टाके उसवायची आकडी पिशवीत टाकून ती शाळेत पोचली तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच होत्या. फळ्यावर परीक्षेच्या सूचना लिहायला त्यांनी हात वर केला होता आणि तो तिथेच अडकला होता, अर्धा वर, अर्धा खाली. दुसऱ्या हाताने मान खाजवत होत्या.

"तुम्ही!" बाई म्हणाल्या. "हा काय कोट शिवलाय? हलता येत नाही मला!"

"बघू," आत्या म्हणाली. "काढून ठेवा ना मग."

"आत रफू केलेला स्वेटर आहे! साडेदहाला साहेब येतायत!"

आत्याने दार लोटलं. भिंगरीची काळजी होतीच, पण बाईंना त्या अवस्थेत पाहिल्यावर काळजीच्या शेजारी जुना राग येऊन बसला. तिने आकडी काढली आणि बगलेपाशी नेली.

"स्थिर उभ्या राहा."

बाई हलल्या. कॅनव्हासने मान टोचली.

"स्थिर बसत नाही," आत्या म्हणाली. एक टाका उसवला. "हात खाली. खाली म्हटलं ना? सूचना पाळत नाही." दुसरा टाका. "पाय हलवते, इतरांना त्रास."

बाईंनी मान वळवली. त्यांना आपलं अक्षर ऐकू येत होतं. "तुम्ही हे मुद्दाम केलंत," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मुद्दाम?" आत्याने आकडी खाली ठेवली. एक बाही उघडी लोंबत होती. "बाई, कोट हुशार आहे. पण लक्ष देत नाही."

भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले.

"पुरा करा तो," बाई म्हणाल्या.

"करते. शिवणीत भरपूर कापड आहे, दहा मिनिटांत सैल होतो. ते पत्र कुठाय?"

"कुठलं पत्र?"

"खणातलं. गुडघ्याने बंद केलेलं."

  आत्याने सुईत दोरा ओवला, दोरा बोटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला. जगात तिला कुठेही जायचं नव्हतं.

"पुढचा बाक," आत्या म्हणाली. "पेपर एकदम नाही, एकेक पान. पाय हलतील ते हलू द्यायचे. दोनदा उठून दारापर्यंत जाऊ द्यायचं. बाकी कुठली दया नको. मार्क द्यायचे ते तुमच्या त्या लाल पेनाने, कंजुषी करून द्या."

"आणि नाही केलं तर?"

"तर काही नाही. एका बाहीने तपासणी द्या."

नऊ पंचेचाळीसला खण उघडला. दहाला पाच कमी असताना बाईंनी हात उचलून पाहिला. तो सरळ वर गेला. त्यांच्या तोंडून नकळत "हाश्श" निघालं. आत्याने दोरा दाताने तोडला.

ती फाटकाबाहेर तीन तास उभी राहिली. वर्गाची खिडकी तिथून दिसायची. पुढच्या बाकाखाली दोन बूट दिसत होते, खट्-खट्, खट्-खट्, हवेतल्या पायडलवर. एकदा थांबले.  भिंगरी उठली, दारापर्यंत गेली, वाटेत छताकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि परत येऊन बसली. बूट पुन्हा सुरू झाले. आत्याने फाटकाचा गज सोडला तेव्हा तळहातावर गंजाचा पट्टा उठला होता.

त्याच वेळी मोठे साहेब वर्गात होते. पुढचं तिला भिंगरीनेच सांगितलं, कारण भिंगरीने पेपर लिहिता लिहिता ते सगळं ऐकलं होतं.

"साहेब म्हणाले, ही मुलगी उभी का? तर बाई म्हणाल्या, डॉक्टरांचं पत्र आहे साहेब, आमच्या वर्गात आम्ही अशा मुलांसाठी खास सोय करतो. साहेब म्हणाले, वा! हे मानपत्रात लिहा."

"काय लिहा?" आत्याने विचारलं.

"मानपत्रात. की बाई फार समजूतदार आहेत."

आत्याने एकोणिसाव्या खिळ्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी निकाल लागला. गणितात शंभरपैकी त्रेपन्न. शेवटचा प्रश्न सोडला होता. तिथे छतावरचा कोळी होता, आठही पाय नीट काढलेले. भाऊ रस्त्याच्या कडेला बस थांबवून फोनवर रडला, मागचे प्रवासी ओरडत होते. वहिनी पाळीच्या कपड्यांतच धावत आली आणि म्हणाली, "ताई, सगळं झालं ना आता? बाईंनी सोय केली, मुलगी पास झाली. सोडा आता तो राग."

"सोडला," आत्या म्हणाली.

आणि ती आत गेली. आत टेबलावर बाईंचा कोट होता. घाईघाईत घातलेले कच्चे टाके पक्के करायला बाईंनीच सकाळी पाठवला होता, संध्याकाळच्या समारंभासाठी; सोबत निरोप होता, लूझिंग भरपूर ठेवा. आत्याने ते भरपूर ठेवलं. कॅनव्हासचं टोक आत दुमडलं. असा सुरेख, असा मोकळा कोट तिने आयुष्यात शिवला नव्हता. मग तिने खांद्यांचे पॅड उसवले, एकोणिसाव्या खिळ्यापाशी गेली, आणि एकेक टाचणी काढत सत्तावीसच्या सत्तावीस चिठ्ठ्या उतरवल्या. डाव्या खांद्यात तेरा, उजव्यात चौदा. घड्या सारख्या. वर कापूस, वर अस्तर, वर बारीक, दिसणार नाही असा टाका.

संध्याकाळी बाईंनी व्यासपीठावर मानपत्र घेतलं. हात ऐटीत पुढे गेला, कुठेही अडकला नाही. "मुलांना समजून घेणाऱ्या शिक्षिका" असं वाचून दाखवलं तेव्हा आत्याने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. वहिनीने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं.

कोट टिकाऊ होता. बाईंनी तो पुढची सगळी वर्षं घातला.

भिंगरी वरच्या वर्गात गेली, पण बाई रोज व्हरांड्यात दिसायच्या. जुन्या मशीनवर पाय चालवत एके दिवशी ती म्हणाली, "आत्या, एक सांगू? बाईंनी हात वर केला ना, की त्यांच्या खांद्यातून कागदाचा आवाज येतो. कुणालाच ऐकू येत नाही. मला येतो."

आत्याने तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही.

"शाळेत तुझं लक्ष असतं तरी कुठे ग?" ती म्हणाली, आणि पुढची पट्टी तिच्यासमोर ठेवली.